स्टोअरमधली ग्रामपंचायत

त्यांच्या मनगटावरचं घड्याळ दीड तास पुढे असायचं. नव्या माणसाला वाटायचं, बिघडलंय. मलाही पहिल्या आठवड्यात तसंच वाटलं होतं, पण मी बोलले नाही. मी सहसा बोलत नाही. मग एकदा सकाळी साडेअकराला प्रिंटरचा टोनर घ्यायला स्टोअरवर गेले, तर काउंटरची जाळी ओढलेली आणि आत ते डबा उघडून बसलेले. म्हणाले, "मॅडम, एक वाजून गेला. जेवणाची वेळ आहे."

इथे मस्कतजवळ, रुसैलमध्ये, साडेअकरा वाजले होते. एक वाजला होता तो सिंधुदुर्गातल्या त्यांच्या गावात.

पाण्याचे पाइप बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात ते बावीस वर्षं स्टोअरकीपर होते. मी तिथे ॲडमिनमध्ये आहे, अजूनही. ते मागच्या वर्षी फायनल एक्झिट घेऊन, म्हणजे इथलं सगळं कायमचं सोडून, गावी गेले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. नाव छापून आलेलं त्यांना आवडलं असतं. त्यांच्या बायकोला आवडलं नसतं, आणि मला त्यांच्या बायकोचं ऐकायची सवय लागली आहे. ती कशी लागली, ते पुढे येईल.

स्टोअरमधून चिठ्ठीशिवाय काहीही बाहेर जायचं नाही. जनरल मॅनेजर स्वतः एकदा टॉर्चची बॅटरी मागायला आले होते. त्यांनाही हे म्हणाले, "सर, स्लिप?" कारखाना बंद पडला तरी चालेल, पण चिठ्ठीवर वस्तू, नग, कारण आणि सही हवी. शिवाय बदली पार्ट असेल तर जुना पार्ट आधी काउंटरवर ठेवायचा, मगच नवा मिळायचा. सगळे इंग्रजीत चिठ्ठी लिहायचे. माझ्याकडून मात्र त्यांना मराठीत हवी असायची. पहिल्या दिवशी मी अडखळत त्यांच्याशी मराठीत बोलले होते, त्याची ही शिक्षा. माझा जन्म मस्कतचा, शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी घरापुरतं. "प्रिंटर टोनर एक" एवढं लिहायला मला तेव्हा बराच वेळ लागायचा. ते जाळीमागे शांत उभे राहायचे. हसले मात्र कधी नाहीत.

त्यांचा आणखी एक नियम होता. काउंटरच्या जाळीपाशी मी 'मॅडम' आणि 'तुम्ही'. जेवणाच्या सुट्टीत, बाहेर शेडखालच्या बाकावर, मी 'बाय' आणि 'तू'. एकाच मिनिटात जाळीतून बाहेर आले की त्यांची भाषा बदलायची. मी त्यांना दोन्हीकडे काकाच म्हणायचे.

फोर्कलिफ्ट चालवणारा सालिम त्यांना 'वाली' म्हणायचा. ओमानात प्रत्येक विलायतीचा, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या भागाचा, कारभार बघायला सरकारने नेमलेला माणूस म्हणजे वाली. काकांची बायको गावाची सरपंच आहे हे सालिमला कळलं, तेव्हापासून ते नाव पडलं.

"वाली! गाँव का क्या खबर?" सालिम रोज सकाळी विचारायचा.

"मैं वाली नहीं, सालिम. मैडम वाली है."

"मैडम वाली, तो तुम वाली का वाली. खलास."

सगळे हसायचे. काका हात झटकून नाही नाही म्हणायचे. पण नाही म्हणताना ते खूश असायचे, हे मला दिसायचं.

त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून बायकोचा एक फोटो चिकटवलेला होता. शाळेच्या पटांगणात ती माइक घेऊन उभी आहे. माइक तोंडापासून लांब धरलाय, चावेल की काय अशा बेताने. काकी शिवणकाम करायच्या. गावातल्या निम्म्या पोरांचे शाळेचे गणवेश त्यांनी शिवलेले. "माप घेताना ती पक्ष विचारत नाही," काका म्हणायचे. त्या वेळी सरपंचपद बायकांसाठी राखीव पडलं आणि लोकांनीच त्यांना उभं केलं. कुठल्याच पक्षाकडून नाही, अशाच.

अडचण अशी की गाव सगळं दुसऱ्या बाजूचं. आमदार त्या पक्षाचा, जिल्हा परिषद त्यांची, सोसायटी त्यांची, देवळाच्या कमिटीतही तेच. सरपंच थेट लोकांनी निवडलेली, म्हणून ही निवडून आली. पण ग्रामपंचायतीच्या अकरा सदस्यांपैकी सात त्या पक्षाचे.

"लोकांचं काय आहे," ते बाकावर बसून मला सांगायचे, "मत पक्षाला देतात आणि काम घेऊन हिच्याकडे येतात."

"मग ते चांगलंच ना, काका?"

"चांगलं? बाय, ती लोकांना आवडते हीच तर भीती आहे. नावडती असती तर तिला कोणी हात लावला नसता. पाच वर्षं गुपचूप काढू दिली असती. आवडणाऱ्या माणसाचं पुढे काय होणार, हे सगळ्यांना आधी बघायचं असतं."

हे त्यांचं नेहमीचं बोलणं. दुसरं एक होतं, स्टोअरचं. "स्टॉकमध्ये आहे म्हणजे हातात आहे, असं नाही." बेअरिंग कार्डावर दिसतं, खणात हात घालावा तर नसतं. लोकांचं प्रेम तसंच, असं त्यांचं मत होतं. गावात कोणी बायकोचं कौतुक केल्याचं कळलं की त्यांच्या कपाळावर आठी यायची. कोणी शिव्या दिल्या की त्यांना बरं वाटायचं. निदान हा माणूस कुठे आहे ते कळलं, म्हणायचे.

पहिली दोन वर्षं तिच्यावर अविश्वास ठराव आणता येत नव्हता, तसा नियमच आहे. ती दोन वर्षं त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवसाला एक रेघ मारून काढली. ती संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्टोअरवर गेले, तर काउंटरच्या मागच्या फळीवर अकरा बोल्ट उभे केलेले होते. चार उजवीकडे, सात डावीकडे. मध्ये एक पितळी नट.

"हे काय आहे?" मी विचारलं. मी आपणहून प्रश्न विचारला, असं क्वचितच व्हायचं.

"अकरा मेंबर. हा नट ती. ठराव पास करायला नऊ लागतात. त्यांच्याकडे सात आहेत."

मी बोल्टांकडे बघितलं. ते स्टॉकमधले होते, नवे कोरे, तेल लावलेले. मागच्या खणाला टांगलेल्या कार्डावर त्यांची कुठलीच नोंद नव्हती. बावीस वर्षांत त्या माणसाने चिठ्ठीशिवाय काही घेतलं असेल, तर ते हे अकरा बोल्ट आणि एक नट. मी ते बघितलं, हे त्यांनीही बघितलं.

आता ज्या ग्रामसभेने सगळं बिघडवलं, तिचं सांगते. ती रविवारी होती. गावात सुट्टी, इथे कामाचा दिवस. काकांनी बायकोला पटवून ठेवलं होतं की फोन टेबलावर चालू ठेव, मी फक्त ऐकतो, एक शब्द बोलणार नाही. त्यांनी आपला फोन वजनकाट्यावर ठेवला, स्पीकर चालू केला आणि एकीकडे माल देत राहिले. मी हातमोज्यांची चिठ्ठी घेऊन उभी होते. फोनमधून खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते, मग ग्रामसेवकांचं वाचन, मग नळयोजनेचा विषय निघाला. नवी पाइपलाइन आधी कुठल्या वाडीला द्यायची, यावर बोलणं चाललं होतं. काकी सांगत होत्या की आधी वरच्या वाडीला.

वरची वाडी म्हणजे त्या पक्षाचा बालेकिल्ला. तिथून काकींना मतं पडलेलीच नव्हती. काकांचं स्वतःचं घर खालच्या वाडीत. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की काकांच्या हातातलं हातमोज्यांचं पाकीट तसंच राहिलं आणि ते वजनकाट्याकडे सरकले. पाइप हा त्यांचा विषय. बावीस वर्षं पाइपमध्ये गेलेली. चढावर आधी लाइन नेली तर दाब कसा कमी पडतो, हे त्यांच्याइतकं त्या पटांगणात कोणालाच माहीत नसणार.

"अगो, वरती आधी कित्याक नेतंस!" ते फोनवर ओरडले. "प्रेशर पडतला! खालच्या वाडीक आधी दी, मी सांगतंय! आणि तीन इंची घेव नको, चार इंची लिही!" तेवढ्यात दारात सालिम फोर्कलिफ्ट घेऊन आला, तर त्याच दमात त्याला, "यल्ला सालिम, यल्ला यल्ला, आगे लो!"

पलीकडे सगळं थांबलं. इतक्या माणसांचं एकदम गप्प होणं मी फोनवर पहिल्यांदाच ऐकलं. मग कोणीतरी हसलं आणि एक आवाज आला, "मस्कतचो सरपंच बोललो रे! यल्ला, यल्ला!" मग पटांगणभर हशा. मग फोन कट झाला.

काकांनी मला हातमोजे दिले. दोन जोड्या मागितल्या होत्या, त्यांनी पाच दिल्या. मी तीन परत ठेवल्या.

काकींनी पुढचे तीन दिवस फोन उचलला नाही. त्या आठवड्यात आठवा बोल्ट डावीकडे गेला. त्या सदस्याने म्हणे सांगितलं, मी बाईंच्या बाजूने होतो, त्यांच्या नवऱ्याच्या नाही. काकी रस्त्याने निघाल्या की मागून पोरं "यल्ला, यल्ला" ओरडायची. काकांना हे गावातल्या कोणीतरी कळवलं आणि त्यांनी ते मला सांगितलं, तेव्हा जेवणाची सुट्टी नव्हती आणि आम्ही बाकावरही नव्हतो. ते जाळीच्या आत होते. तरी बोलले. "प्रेशर पडतो हे खरंच आहे," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "माझं चुकलं असेल, पण प्रेशर पडतो."

मग त्या पक्षाकडून निरोप आला. बाईंनी आमच्या पक्षात यावं, ठराव होणार नाही. पुढे जिल्हा परिषदेचंही बघू. काका दिवसातून तीन वेळा मत बदलायचे. सकाळी म्हणायचे, जावं, नाहीतर हिला घरी बसवतील. दुपारी म्हणायचे, गेली तर हिला निवडून देणारे काय म्हणतील? संध्याकाळी कंपनीच्या बसकडे जाताना म्हणायचे, पुढच्या वेळी सीट खुली झाली तर तसंही कोणाला तिची गरज नाही. तेव्हा काय पक्षात असून उपयोग आणि काय नसून. मी ऐकून घ्यायचे. काकींनी त्या निरोपाला काय उत्तर दिलं, ते त्यांना माहीत नव्हतं. त्या सांगतच नव्हत्या.

नववा बोल्ट एका मंगळवारी सरकला. सदस्यांची बैठक झाली, ठराव पास झाला. ठरावात एकच कारण होतं. काकांनी त्याचा फोटो मला फोनवर दाखवला, मी अक्षर लावत वाचलं. सरपंचांचा सगळा कारभार त्यांचे पती परदेशातून फोनवर चालवतात.

"हे माझ्यावर आहे," काका म्हणाले. "तिच्यावर एक शब्द नाही. सगळा ठराव माझ्यावर आहे, आणि जाणार ती."

पण अजून संपलेलं नव्हतं. ती थेट लोकांनी निवडलेली असल्यामुळे हा ठराव ग्रामसभेपुढे जाणार होता. गावातल्या मतदारांनी गुप्त मतदान करायचं, मग ठरणार. वीस दिवस होते. काकांनी रजेचा अर्ज आणून माझ्या टेबलावर ठेवला. कारण या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, घरगुती. मी तो पुढे पाठवला, सही झाली, तिकीटही आलं. घरोघरी कोणाकडे आधी जायचं याची त्यांनी यादी केली होती. वरच्या वाडीत जाऊन माफी मागणार होते. मला वाटलं, बरं होईल. आणि मला वाटलं, होणार नाही. दोन्ही एकदम वाटलं.

दोन दिवसांनी ते ऑफिसच्या खिडकीशी आले आणि त्यांनी मला बायकोचा एक रेकॉर्ड केलेला निरोप ऐकवला. त्यांनी तो का ऐकवला, मला अजून नीट कळलेलं नाही. बहुतेक एकट्याने ऐकवत नव्हता.

"तुम्ही येव नकात," काकींचा आवाज अगदी शांत होता. "तुम्ही इलात तर मी हरलंय म्हणान समजा. तुमका दारात बघून लोक म्हणतले, बघा, मालक इलो. माफी मागूक पण नको. आणि त्या दिसा गावात कोणाक फोन करू नकात. एकाक पण नको. लोकांनी माझा तोंड बघून मत देवंदे. काय व्हायचा ता माझा होवंदे."

काकांनी फोन खिशात ठेवला. "तिकीट रद्द करा, मॅडम." खिडकीसुद्धा जाळीतच धरायची, असा त्यांचा हिशेब होता. मी अर्जावर रद्द लिहिलं. मराठीत लिहिलं, मग कळलं की हा कंपनीचा अर्ज आहे, आणि पुन्हा इंग्रजीत लिहिलं.

आता ते गावी असतात. कधीतरी त्यांचा फोन येतो. तिकडे आता पुढच्या निवडणुकीची बोलणी सुरू झाली आहेत. बाई त्या पक्षात जाणार, बाई उभीच राहणार नाही, बाईंना वरून तिकीट मिळणार, असं रोज कोणीतरी नाक्यावर त्यांना विचारतं. ते सगळ्यांना सांगतात, "मला काय माहीत? मी स्टोअरकीपर." घड्याळ आता त्यांनी दीड तास मागे लावलंय का, हे विचारायचं माझ्या मनात असतं. अजून विचारलेलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. मतदानाचा तो दिवस गुरुवार होता. सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या काका आले आणि त्यांनी आपला फोन माझ्या टेबलावर ठेवला. सोबत एक हिरवा पास होता. आमच्याकडे गेटबाहेर जाणारी वस्तू परत यायची असेल तर हिरवा पास असतो. त्यावर लिहिलं होतं: मोबाईल, नग एक, चालू स्थितीत. परत करण्याची तारीख, आजची.

"साडेचारला परत द्यायचा. त्याआधी मी मागितला तरी द्यायचा नाही. सही करा."

"माझ्याकडे का, काका?"

"तुम्ही फोन उचलत नाही म्हणून."

ते खरं होतं. माझ्या टेबलावरचा फोन वाजला की मी चार वेळा वाजू देते. तोवर बहुतेक दुसरं कोणीतरी उचलतं. हे कोणाच्या लक्षात आलं असेल, असं मला वाटलं नव्हतं. मी सही केली आणि फोन ड्रॉवरमध्ये ठेवला.

नऊ वाजता ते आले. "फोन नको आहे. चार्ज आहे का, तेवढं बघा." चार्ज होता. दहाला पुन्हा आले. "आवाज बंद करू नका, पण वाढवूही नका." अकराच्या सुमाराला तिसऱ्यांदा आले, आणि या वेळी खिडकीतून हात आत आला.

"एकच फोन करतो. वरच्या वाडीत नाही. माझ्या चुलत भावाला. किती माणसं आलीत, एवढंच विचारतो."

मी मोठ्या माणसांना नाही म्हणत नाही. त्यातून त्यांना तर नाहीच.

"साडेचार म्हणून लिहिलंय, काका," मी म्हणाले.

त्यांनी हात मागे घेतला. मागून सालिम विचारत होता, "वाली, मुबाइल किधर?"

"जेल में," काका म्हणाले आणि स्टोअरकडे गेले.

फोन अधूनमधून ड्रॉवरमध्ये थरथरत होता. मी एका वेंडरचं पत्र चार वेळा वाचलं. दुपारी अडीचला, म्हणजे तिकडे चार वाजता, तो वाजायला लागला आणि थांबेना. ड्रॉवर उघडून बघितलं, तर पडद्यावर लिहिलं होतं, घर. एकदा बंद झाला. पुन्हा वाजला. चार वेळा वाजू दिला. ऑफिसमध्ये तो उचलणारं दुसरं कोणी नव्हतं.

"आयकलात काय?" पलीकडून माणसांचा गलका येत होता.

"मी... मी ऑफिसमधून बोलतेय. काकांनी फोन माझ्याकडे ठेवलाय."

"कोण गो बाय तू?" मग क्षणभराने, "ता चिठ्ठीवाला चेडू काय? ते सांगत होते, ह्या चेडू फोन उचलना नाय म्हणान. उचललंस मगे!"

मी हो म्हणाले.

"तेंका सांग, ठराव पडलो. वरच्या वाडीची माणसा इलली, म्हातारी कोतारी पण. काठी टेकीत इलली." त्यांचा आवाज जरा थांबला. मग पुन्हा पहिल्यासारखा झाला. "बैठकीत ज्येनी माझ्या विरोधात हात वर केलेलो, तेच आता दारात हार घेवन उभे आसत. म्हणतत, आता तरी पक्षात येवा. पुढचा काय करूचा ता मी बघतंय. तू एक काम कर. फोन तेंका चार दिस देव नको. सगळे अभिनंदन करूक फोन करतले, आणि ह्ये परत सुरू होतले."

फोन मी पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवला. स्टोअरपर्यंत जाताना काय बोलायचं, याची वाक्यं मी जुळवायला लागले. इंग्रजीत पटकन जुळली, मराठीत जुळेनात. शेवटी मी चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं.

अंगणातून जाताना उन्हाने डोळे दिपत होते. आत काका पाठमोरे उभे होते, खणातली बेअरिंग बाहेर काढून पुन्हा त्याच खणात लावत होते. माझी चाहूल लागली असणार, पण त्यांनी मागे बघितलं नाही.

"चिठ्ठी आहे?" त्यांनी तसंच विचारलं.

मी जाळीखालून चिठ्ठी सरकवली. वस्तू: सरपंच. नग: एक. कारण: बदलायच्या नाहीत, जुन्याच चालू आहेत. खाली माझी सही.

त्यांनी ती वाचली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

"फोन कोणी उचलला?"

"मी."

"तुम्ही?"

"हो."

ते चिठ्ठीकडे जेवढा वेळ बघत होते, त्याहून जास्त वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग मी वरच्या वाडीचं सांगितलं, काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्यांचं सांगितलं, हारवाल्यांचं सांगितलं. आणि फोन चार दिवस द्यायचा नाही, हे सगळ्यात शेवटी, हळू आवाजात.

"असं म्हणाली?"

"हो."

त्यांनी हिरवा पास मागितला, आजची तारीख खोडली, चार दिवस पुढची घातली आणि माझी सही घेतली. मग ते मागच्या फळीकडे गेले. अकरा बोल्ट एकेक करून उचलले, फडक्याने पुसले आणि खणात टाकले. कार्ड खाली घेतलं आणि त्यावर लिहिलं: अकरा नग, परत. कधी बाहेर गेले, ते त्या कार्डावर कुठेच नव्हतं. पितळी नट मात्र त्यांनी फळीवरच ठेवला.

चार दिवस ते सावकाश जेवले. गावातली एसटी आत्ता नाक्यावर आली, असं अधूनमधून म्हणायचे, पण तेवढंच. पाचव्या दिवशी सकाळी मी फोन आणि पास घेऊन स्टोअरवर गेले. जाळी उघडी होती. त्यांनी हात पुसले आणि पासावर सही करायला पेन काढलं.

"चार्ज आहे?"

"आहे."

पेन हातातच राहिलं. "बाय," ते म्हणाले. काउंटरवर ते मला कधी बाय म्हणाले नव्हते. "तूच ठेव. तिचा फोन आला की तू उचल आणि काय झालं ते मला सांग. मला थेट कळलं की मी काहीतरी बोलतो."

"किती दिवस, काका?"

ते पासावरच्या तारखेच्या रकान्याकडे बघत होते, तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजायला लागला. पडद्यावर घर असं आलं. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. मग काकांनी पेन खाली ठेवलं, वळले आणि बेअरिंगच्या रांगेतून आत, शेवटच्या रॅकपर्यंत चालत गेले. तिथे काही ऐकू येत नाही.

दुसऱ्यांदा वाजायच्या आत मी फोन उचलला.

"बोला, काकी," मी म्हणाले.